काळेबेरे : दोन टक्क्यांच्या आत

अक्कलदाढ, पायात रुतलेला काटा आणि चौकशीचा निष्कर्ष या तीन गोष्टी आपण होऊन बाहेर येत नाहीत. त्या काढाव्या लागतात. पैकी पहिल्या दोन काढताना ज्याच्या काढतात त्याला दुखते. तिसरी काढताना कोणाला दुखेल हे आधी ठरवावे लागते, म्हणून तिला वेळ लागतो.

ज्या संस्थेची ही हकीकत आहे ती पेंड तपासत असे. तेलबियांतून तेल काढून घेतल्यावर जो चोथा उरतो ती पेंड. ती गुरांना घालतात. तिच्यात तेलाचा अंश किती उरला हे गुरे सांगत नाहीत, म्हणून प्रयोगशाळा लागते. (सांगितले असते तरी लागली असती. तोंडी माहिती संस्था ग्राह्य धरत नाही.)

प्रयोगशाळेत खिडकीलगतच्या ओट्यावर काचेची सहा उपकरणे ओळीने उभी होती. खाली विजेची शेगडी, शेगडीवर चंबू, चंबूत द्रावक. त्यावर उभी नळी, नळीत कागदाचे अंगुस्तान, म्हणजे शिंप्याच्या बोटातल्या टोपीसारखी पुंगळी, अंगुस्तानात पेंडीची पूड. सगळ्यात वर शीतक, म्हणजे जिच्या अंगाभोवती नळाचे गार पाणी सतत खेळते अशी दुहेरी नळी. द्रावक उकळतो, वाफ वर जाते, गार होऊन तिचे थेंब होतात, थेंब पेंडीवर पडून तिच्यातले तेल विरघळवतात, आणि नळी काठोकाठ भरली की सगळे एकदम भळकन खाली चंबूत येते. मग पुन्हा पहिल्यापासून. सकाळी लावलेले उपकरण संध्याकाळी उतरवायचे. वर चढायचे, गार पडायचे, खाली यायचे, आणि या खटाटोपात दुसऱ्याकडचे तेल तेवढे आपल्याकडे जमा करायचे, हे तत्त्व संस्थेतल्या वरिष्ठांना मनापासून पटलेले होते.

उपकरणाला नाव ते शोधणाऱ्या परदेशी गृहस्थांचे होते आणि ते कोणालाच धड उच्चारता येत नसे. तपासनीस बाई त्याला ‘सॉक्सलेट’ म्हणत. भांडारातले लोक ‘सॅकलेट’ म्हणत. बाटल्या धुणाऱ्या मावशी ‘साखळेट’ म्हणत, आणि दिवसभर त्या ओट्याशी बांधून पडलेल्या बाईंना तेच नाव जास्त आवडे.

अशात परके शब्द हद्दपार करण्याचा आदेश निघाला. त्यासाठी एक भाषाधिकारी नेमण्यात आले. हे गृहस्थ प्रयोगशाळेत आले, उपकरणांभोवती एक फेरी मारून गेले आणि त्यांनी शब्दावली पाठवली. तिच्यातला संबंधित भाग असा होता :

चंबू – चंबू (आपलाच असल्याने हात लावलेला नाही).
शीतक – थंड करणारा (वरिष्ठांच्या संदर्भात वापरू नये).
द्रावक – विरघळवणारा.
हृदयद्रावक – हृदय विरघळवणारा द्रावक (साठा नाही).
निष्कर्षक – निष्कर्ष काढण्याचे उपकरण (नग सहा).

बाई शब्दावली घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. बाई तशा भांडखोर नव्हत्या, पण चुकीची चिठ्ठी लावलेली बाटली दिसली की त्यांचा हात शिवशिवे.

“अहो, निष्कर्षण वेगळं आणि निष्कर्ष वेगळा,” बाई म्हणाल्या. “आम्ही तेल काढतो.”

“धातू एकच आहे, बाई.”

“पण अर्थ?”

“अर्थ माझ्याकडे नाही,” भाषाधिकारी सौजन्याने म्हणाले. “माझ्याकडे फक्त शब्द आहेत.”

शब्दावली मंजूर झाली. तिच्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. बाई सॉक्सलेट म्हणत राहिल्या, मावशी साखळेट म्हणत राहिल्या, आणि कागदोपत्री संस्थेकडे निष्कर्ष काढण्याची सहा यंत्रे जमा झाली.

आता तोटीसाहेब. हे संस्थेचे प्रशासक. खरे पदनाम लांबलचक होते. पण साहेब जाता-येता दिसेल त्या नळाची तोटी आवळून बघत, त्यावरून हे नाव पडले होते. त्यांनी फर्मान काढले की जेवणाच्या सुट्टीत इमारतीचे पाणी मुख्य झडपेवरच बंद करावे. जेवताना माणसे पाणी पितात, नळ पीत नाहीत, हा त्यामागचा विचार होता, आणि त्यात खोट काढणे अवघड आहे. फर्मानावर सर्वांच्या सह्या घेण्यात आल्या. ते अमलात आले त्या पहिल्याच दुपारी शीतकांतले पाणी थांबले. वाफ वर गेली, तिला गार करायला कोणी नव्हते, ती तशीच खोलीत पसरली. मावशी धुतलेल्या बाटल्या घेऊन आत आल्या, वास आला म्हणून शेगडीचे बटण बंद करायला धावल्या, बटणाशी ठिणगी उडाली आणि भडका झाला. ओले फडके टाकून आगही त्यांनीच विझवली.

संस्थेचे नुकसान नगण्य होते. उपकरणे सहाच्या सहा शाबूत राहिली. मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, पण तो नुकसानीच्या तक्त्यात बसेना. (रकाने तीन : काच, रसायने, इमारत.)

चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी तोटीसाहेब, कारण इमारतीच्या पाण्याची त्यांच्याइतकी माहिती कोणालाच नव्हती. मावशींना ‘निष्कर्ष हाती येईपर्यंत’ घरी बसवण्यात आले. वर्षअखेर जे पद रिकामे असेल ते आपोआप रद्द होते असा नियम आहे. म्हणजे निष्कर्ष वेळेत आला नाही, तर मावशींना नोकरीवरून काढायचे की नाही हे ठरण्याआधी नोकरीच संपणार होती. वाद मिटवण्याचा एवढा शांत मार्ग दुसरा नसेल.

समितीने मेहनतीत कसर ठेवली नाही. अहवाल असा झाला की तो उचलायला दोन माणसे लागत. त्यात अग्नीच्या मानवजातीवरील उपकारांबद्दल प्रास्ताविक होते, इमारतीतल्या सर्व नळांचे नकाशे होते, आणि फडक्यांच्या प्रकारांवर एक स्वतंत्र प्रकरण होते. मजकूर गोपनीय असल्याने सगळा हाताने, बॉलपेनने लिहिला होता. शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘निष्कर्ष’. त्याखाली एकच वाक्य होते : “सदर निष्कर्ष संस्थेच्या निष्कर्षकातून काढून घ्यावा, नग सहा उपलब्ध आहेत.”

अहवाल गठ्ठ्यागठ्ठ्याने प्रयोगशाळेत येऊन पडला. बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या चप्पल पायात तशीच ठेवून खुर्चीत बसल्या. नवऱ्याला सगळे सांगितले. नवरा शाळामास्तर, तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, “एक काम कर. त्यात आमच्या आईचा स्वभाव घालून बघ काय निघतं ते.”

“आधी तुझा आळस घाल,” आतून सासूबाई म्हणाल्या. “दुसरं काही घालायला जागाच उरायची नाही.”

बाईंना हसू आले नाही. सकाळीच त्या मावशींकडे जाऊन आल्या होत्या. मावशी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. डाव्या हाताने भांडी घासायला गेल्या तर सून ‘राहू द्या, फोडाल’ म्हणाली होती, आणि ते मावशींना भाजण्यापेक्षा जास्त लागले होते. “निघालं का काही, बाई?” एवढेच त्यांनी विचारले. बाईंनी “निघेल” म्हटले. आता रात्रीच्या भाज्या चिरताना त्यांच्या मनात आले की खुळचट म्हणून अहवाल परत पाठवला, तर समिती पुन्हा बसेल आणि वर्षअखेरपर्यंत उठणार नाही. म्हणजे काहीतरी निघणे काहीच न निघण्यापेक्षा बरे. शहाण्या माणसाने मूर्खपणात भाग घ्यायला एवढे कारण पुरते.

तरी एक अडचण होती. निष्कर्षक चालवायचा तर दुपारीही पाणी हवे. बाईंनी तसे कळवले आणि तासाभरात आदेश आला : “निष्कर्ष निघेपर्यंत शीतकांचे पाणी कोणत्याही सबबीवर बंद करू नये. बंद केल्यास आगीचा धोका संभवतो, हे कोणाही समंजस व्यक्तीच्या लक्षात येईल.” खाली तोटीसाहेबांची सही. बाईंनी तो आदेश भिंतीवर जुन्या फर्मानाच्या शेजारी चिकटवला. दोन्हींवर काढणाऱ्याची सही एकाच हाताची होती आणि दोन्ही आदेश आपापल्या जागी बरोबर होते.

अहवालाचे पहिले प्रकरण सुरळी करून अंगुस्तानात घातले. पेंडीसाठी वापरतात तो द्रावक दिवसभर उकळला. संध्याकाळी चंबूत काहीही नव्हते. बाईंनी प्रामाणिकपणे ‘निरंक’ असे कळवले. समितीचे उत्तर आले : “निष्कर्ष निघत नसल्यास द्रावक बदलावा.” चौकशीशास्त्रात याहून मोलाचे वाक्य आजवर लिहिले गेलेले नाही.

भांडारात काचा पुसायच्या द्रावकाचे पिंप होते. नखांचा रंग काढतात तेच ते. बाईंनी ते आणवले. पहिली नळी भरून भळकन खाली आली तेव्हाच चंबू निळा झाला. दुपारपर्यंत तो काळा झाला. संध्याकाळी अंगुस्तान उघडले तर आत कागद होते, पण त्यांवर अक्षर नव्हते. पुढच्या काही दिवसांत बाकीची प्रकरणेही सहा उपकरणांतून अशीच निघाली. अग्नीचे उपकार गेले होते, नकाशे गेले होते, फडक्यांचे प्रकारही गेले होते. चंबूतला द्रावक उडवून लावल्यावर तळाशी चिकट, काळी साय उरली. बाईंनी तिचे वजन केले. काय उरले या रकान्यात काय लिहावे हे त्यांना कळेना. ‘शाई’ लिहावे तर त्या शब्दाला शब्दावलीत मंजुरी नव्हती. वैतागून त्यांनी लिहिले, “काळेबेरे : अहवालाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून कमी.”

तोटीसाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. त्यांनी बाटली उजेडात धरली.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि अहवाल?”

बाईंनी वाळवलेले कागद पुढे केले. साहेबांनी ते उलटसुलट पाहिले. एक डाग नव्हता. समितीच्या सदस्यांच्या सह्यासुद्धा विरघळल्या होत्या, आणि सदस्यांना त्याचा जो आनंद झाला तो शब्दांत सांगण्यासारखा नाही. कित्येक वर्षांत त्यांना एवढी शांत झोप लागली नव्हती. एवढ्या मोठ्या अहवालात काळेबेरे दोन टक्क्यांच्या आत, आणि तेही वेगळे काढून, बूच लावून, कपाटात. पेंडीत याहून जास्त रेती चालते.

कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. ज्या ज्या खात्यात अहवाल पडून होते तिथून गठ्ठे येऊ लागले. कोसळलेल्या भिंती आल्या, हरवलेली औषधे आली, न शिकवलेले विद्यार्थी आले. सहाही निष्कर्षक अहोरात्र चालू लागले. पेंड तपासणे थांबले. (गुरांकडून तक्रार आली नाही.) संकलित आकडे असे : आलेले अहवाल पूर्वीच्या सर्व वर्षांत मिळून लिहिलेल्यांपेक्षा जास्त; त्यांतील निर्दोष शंभर टक्के; सरासरी काळेबेरे एक पूर्णांक सात दशांश टक्के. एका खात्याचे दोन टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा त्यांनी अहवालाला कोरी पाने जोडून प्रमाण खाली आणले. बाईंना शाबासकीचे पत्र आले. तेही बॉलपेनने लिहिलेले होते.

बाईंना मात्र घाई होती. वर्ष संपत आले होते आणि मावशींच्या अहवालाचा शेवटचा गठ्ठा, परिशिष्टांचा, अजून राहिला होता. तो पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष पूर्ण होत नव्हता. रांगेतले गठ्ठे मागे सारून बाईंनी तो लावला. संध्याकाळी अंगुस्तानातून पाने काढली. सगळी कोरी निघाली, एक सोडून.

त्या एका पानावरची अक्षरे जशीच्या तशी होती. बाईंनी ते पान पुन्हा लावले. पुन्हा तसेच. तिसऱ्यांदा लावण्याआधी त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले आणि बोटाला करडी भुकटी लागली. पेन्सिल. पेन्सिलीचे शिसे कोणत्याच द्रावकाला दाद देत नाही. कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा जबाब हा स्वभावतःच कच्चा असतो, सबब तो पेन्सिलीने टिपावा, असा संस्थेचा जुना संकेत आहे. तो मावशींचा जबाब होता. बाईंनी तो तोवर वाचला नव्हता. वाचायची गरज वाटली नव्हती. नळ कोणी बंद केला हे इमारतीतल्या कोणालाच माहीत नव्हते असे नाही.

जबाब असा होता :

“नळ बंद होता. साहेबांनी बंद करायला लावला होता. साखळेट चालू असताना पाणी लागतं हे मला माहीत आहे कारण बाईंनीच सांगितलं होतं. पाणी जाणार हे बाईंनाही माहीत होतं, त्यांची सही भिंतीवरच्या कागदावर आहे. मी सकाळी म्हटलं होतं, बाई, आज बंद करून जा. बाई म्हणाल्या, एका दुपारीने काय होतंय. मग त्या जेवायला गेल्या. मला कुणाचं वाईट करायचं नाही. माझा हात बरा झाला की मला कामावर घ्या.”

बाईंनी ते पान उभ्यानेच वाचले आणि मग बसून पुन्हा वाचले. एवढे दिवस त्या मावशींसाठी झटत होत्या. नवऱ्याजवळ तोटीसाहेबांना पोटभर शिव्या देत होत्या, आणि त्यांना मनापासून वाटत होते की आपण दुपारी डबा खात होतो म्हणून वाचलो, बस्स. ते वाक्य आपण बोललो होतो हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी ते फक्त काढले नव्हते.

पहिली दोन वाक्ये निष्कर्ष म्हणून पाठवली तर मधली वाक्येही पाठवावी लागणार होती. कागद एकच होता. बाईंनी पेन घेतले. मग त्यांनी शास्त्रीय भाषेचा आधार घेतला. शास्त्रीय भाषा अशा वेळी माणसाला कधी टाकत नाही. त्यांनी लिहिले, “निष्कर्ष पूर्ण. एक पान अविद्राव्य अवशेष.” हे अक्षरशः खरे होते.

समितीने अवशेषाचा प्रश्न गांभीर्याने घेतला. न विरघळणारी गोष्ट संस्थेत पहिल्यांदाच आढळली होती. अधिक तीव्र द्रावकाचा शोध घेण्यात आला. एका सदस्याने हृदयद्रावकाचे नाव सुचवले, पण साठा नव्हता. अखेर भाषाधिकाऱ्यांनी कोपऱ्यातून सांगितले की त्यांच्या मुलाच्या कंपासपेटीत यावर इलाज आहे. त्या वस्तूला पाणी लागत नाही, शेगडी लागत नाही, आगीचा धोका नाही. ‘घर्षण निष्कर्षक (रबरी)’ या नावाने खरेदी मंजूर झाली. आता ती चालवणार कोण? सगळ्या खात्यांतून कनिष्ठांचे कच्चे जबाब येत राहणार, म्हणजे काम कायमचे होते. तोटीसाहेबांनी उदारपणे सुचवले की मावशींना घ्यावे. पद रद्द होण्याआधी त्या कामावर रुजू होतील, आणि शुभारंभ त्यांच्याच पानाने करावा, म्हणजे निष्कर्षही पूर्ण होईल. ठरावाला एकही विरोध झाला नाही. सूचक तोटीसाहेब होते. अनुमोदकाच्या जागी बाईंनी सही केली. बॉलपेनने.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती. बोटे पुरती मिटत नव्हती. बाईंनी त्यांना खिडकीजवळची स्वतःची खुर्ची दिली. पुढ्यात पान ठेवले, पानावर खोडरबर ठेवले, आणि काय करायचे ते सांगितले. सांगताना त्या ओट्याकडे बघत होत्या. मावशींनी पान ओळखले. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले.

“हे पुसलं की मी कामावर?”

“हो.”

“आणि नाही पुसलं तर?”

बाईंनी पानाचा कोपरा सरळ केला. नळाचे पाणी शीतकांतून वाहत होते, त्याचा आवाज येत होता.

मावशींनी खोडरबर डाव्या हातात घेतले. “बाई, सुरुवात कुठून करू?” त्यांनी विचारले. “साहेबांपासून की तुमच्यापासून?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भांडी कुठली आधी घासायची हे विचारावे तसे त्यांनी विचारले. बाईंना रडू कोसळेल असे वाटले, पण आले नाही. खोली प्रयोगशाळेची होती आणि दार उघडे होते.

“जिथून सोपं जाईल तिथून,” बाई म्हणाल्या.

मावशींनी शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली. माझा हात बरा झाला की मला कामावर घ्या, ही ओळ आधी गेली. तिची आता गरज नव्हती. मग बाकीच्या गेल्या. डाव्या हाताने दाब सारखा पडेना, म्हणून बाईंनी कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला. उरलेला चुरा कागदाच्या पुडीत भरून कपाटात ठेवण्यात आला. वजन नगण्य.

मावशींनी हे करायला नको होते, आणि बाईंनी तर मुळीच नको होते, असे वाटणाऱ्या वाचकांची संख्या मोठी असणार याची संस्थेला जाणीव आहे. अशा वाचकांचे संस्था स्वागत करते. कार्यालयीन वेळेत यावे. प्रवेशाशीच टेबल आहे, कोरे कागद आहेत, आणि आपले म्हणणे नावासकट लिहून देण्यासाठी एक पेन आणि टोकाला रबर असलेली एक पेन्सिल ठेवली आहे. जे आवडेल ते घ्यावे, सक्ती नाही. आजवर पुष्कळ माणसे आली, भली माणसे होती, मावशींसाठी त्यांचा जीव तुटत होता. पेन्सिली संपल्या म्हणून तीनदा नव्या मागवाव्या लागल्या. पेन तेच आहे, नवेकोरे, तुमच्यासाठी ठेवले आहे.